हायड्रोजेलचे फायबर दोन दिवसांत विरघळतात, पेशी गोलच राहतात, काय चुकतंय?

रानजाई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा स्वतः धागा काढतेय कारण अगदी रडकुंडीला आलेय.

प्रोजेक्ट असा आहे की अल्जिनेटचे (समुद्री शेवाळातून मिळणारं, कॅल्शियमने जेल होणारं द्रव्य) बारीक फायबर काढायचे, त्यात सी२सी१२ पेशी (उंदराच्या स्नायूच्या, ज्या एकमेकींत मिसळून लांब नळीसारख्या होतात त्या) भरायच्या आणि त्या फायबरच्या लांबीच्या दिशेने ओळीत वाढतात का बघायचं. सपाट डिशमध्ये त्या वाट्टेल त्या दिशेला पसरतात, खरा स्नायू तसा नसतो, म्हणून हा खटाटोप.

मी काय करते ते सांगते. २ टक्के सोडियम अल्जिनेट पीबीएसमध्ये (पेशी धुवायचं नेहमीचं खारट बफर) रात्रभर ढवळून विरघळवलं, त्यात पेशी मिसळल्या, मिलिलिटरला साधारण ३० लाख, सिरिंज पंपावर लावली, २७ गेजची बोथट सुई, आणि सुईचं टोक १०० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराईडच्या बाथमध्ये बुडवून फायबर सोडला. १० मिनिटं बाथमध्येच ठेवला, मग पीबीएसने दोनदा धुवून मिडियममध्ये (पेशींच्या पोषक द्रवात) आणि इनक्युबेटरमध्ये.

पहिल्या दिवशी बघत राहावं असा फायबर. लाइव्ह डेड स्टेन केलं तर बहुतेक पेशी हिरव्या, म्हणजे जिवंत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डिश हलवली तर तो लिबलिबीत झालेला, चिमट्याने उचलायला गेले की तुटतोय, आणि चौथ्या दिवशी तर डिशच्या तळाला पेशींचा थर आणि फायबरचे तुकडे तरंगतायत. आणि जिथे फायबर टिकला तिथेही पेशी गोल त्या गोलच, एकही लांब झालेली नाही. तीनदा करून झालं, तिन्ही वेळा हेच. अल्जिनेटचं प्रमाण वाढवू का? की बाथमध्ये जास्त वेळ ठेवू?

सुईदोरा

रानजाई, एक सांगा, बाथमध्ये पडल्यावर किंवा धुताना फायबर थोडा पांढुरका, दुधी दिसत होता का?

रानजाई

हो! पहिल्यापासूनच थोडा दुधी होता, धुतल्यावर आणखी झाला. मला वाटलं छान घट्ट जमलाय म्हणून असं दिसतंय.

सुईदोरा

मग चोर सापडला. तो पांढरेपणा म्हणजे कॅल्शियम फॉस्फेट. पीबीएसमधला पी म्हणजेच फॉस्फेट, आणि तुमचं अल्जिनेटही पीबीएसमध्ये आहे आणि धुणंही पीबीएसने. म्हणजे ज्या कॅल्शियमने फायबर बांधून ठेवायचा तेच फॉस्फेट ओढून घेतंय आणि खाली बसवतंय. चांगला जमलेला अल्जिनेट फायबर पाण्यात जवळजवळ दिसत नाही, डिशखाली काळा कागद ठेवून बाजूने दिवा धरला तरच कडा चमकते. दुधी दिसला की समजायचं काहीतरी बिनसलंय.

दुसरी गोष्ट सोडियमची. अल्जिनेट ही तपकिरी समुद्री शेवाळातली साखळी, तिच्यात दोन प्रकारचे तुकडे असतात, गुलुरोनिक आणि मॅन्युरोनिक. गुलुरोनिकच्या दोन पट्ट्या समोरासमोर आल्या की मधल्या खाचांत कॅल्शियम बसतं आणि दोन्ही साखळ्या धरून ठेवतं. पण ही पकड म्हणजे कायमची गाठ नव्हे. मिडियममध्ये सोडियम दीडशे मिलिमोलरच्या आसपास आणि कॅल्शियम फक्त १.८. सोडियम हळूहळू आत शिरतं, कॅल्शियमची जागा घेतं, जेल फुगतं आणि सैल पडतं. म्हणजे धुतानाच तुमची निम्मी बांधणी गेली आणि उरलेली मिडियमने नेली.

तेव्हा प्रमाण वाढवून उपयोग नाही आणि बाथमध्ये जास्त वेळ ठेवूनही नाही. अल्जिनेट हेपेस (फॉस्फेट नसलेलं बफर) घातलेल्या ०.९ टक्के सलाइनमध्ये विरघळवा, धुवायलाही तेच वापरा आणि धुण्याच्या पाण्यात ४-५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराईड घाला. फॉस्फेट कुठेच नको.

थेंबेथेंबे

+१ सुईदोरा. १० मिनिटांबद्दल थोडं. २७ गेजच्या सुईचं आतलं भोक साधारण ०.२१ मिलिमीटर, म्हणजे फायबरच्या मध्यापर्यंत कॅल्शियमला शंभरेक मायक्रोमीटरच जायचं आहे. एवढ्याशा अंतराला काही सेकंद लागतात, फार तर मिनिट धरा. एक-दोन मिनिटांत उचलला तरी आतपर्यंत जमलेला असतो, उरलेली आठ मिनिटं पेशी विनाकारण कॅल्शियमच्या भडिमारात बसतात. १०० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराईडची ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांचं एकूण प्रमाण) ३०० मिलिऑस्मोलरच्या आसपास येते (एका रेणूचे तीन आयन), पेशींना हवी तेवढीच, म्हणून त्या लगेच फुटत नाहीत. पण ऑस्मोलॅरिटी बरोबर आहे म्हणजे पेशी सुखात आहेत असं नाही. बाहेरचं कॅल्शियम नेहमीच्या पन्नास पट झालेलं असतं.

आणि हो, तुमच्या बाटलीवर डायहायड्रेट लिहिलंय की निर्जल ते बघा. लिटरला ११.१ ग्रॅम हे निर्जलचं वजन, डायहायड्रेट असेल तर १४.७ घ्यावं लागतं. हा घोळ मी दोन वेगवेगळ्या लॅबमध्ये पाहिलाय.

काचनळी

वरच्या दोघांशी सहमत पण मूळ प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग कोणी घेतला नाही, पेशी गोल का राहतात? मला तर तोच खरा प्रश्न वाटतो, कारण फायबर महिनाभर टिकवलात तरी साध्या अल्जिनेटमध्ये सी२सी१२ लांब होणार नाहीत.

असं आहे की पेशीला पाय रोवायला काहीतरी धरायला लागतं. शरीरात ते काम कोलॅजन, फायब्रोनेक्टिन वगैरे प्रथिनं करतात, पेशीच्या अंगावरचे इंटिग्रिन त्यांना पकडतात. अल्जिनेट ही नुसती साखर, त्यावर इंटिग्रिनला पकडण्याजोगं काहीच नाही. शिवाय सस्तन प्राण्यांच्या पेशींकडे अल्जिनेट तोडायचं एन्झाइम नाही, त्यामुळे भोवतालचं जेल खाऊन जागा करून घेणंही जमत नाही. म्हणजे पेशी जिवंत असते, हिरवी दिसते, पण काचेच्या गोटीत अडकवल्यासारखी. कूर्चेच्या पेशींना हे चालतं, त्यांना गोल राहायलाच आवडतं, म्हणून कूर्चेवाले अल्जिनेटवर खूश असतात. स्नायूच्या पेशींचं तसं नाही.

यावर उपाय दोन. एक म्हणजे अल्जिनेटला आरजीडी पेप्टाइड जोडणं. आर्जिनिन, ग्लायसिन, अ‍ॅस्पार्टिक अ‍ॅसिड या तीन अमिनो आम्लांचा तुकडा पेशीला पकडायला पुरतो हे १९८४ मध्ये पिअर्शबाकर आणि रुओस्लाहती यांनी दाखवलं. १९९९ मध्ये मूनी यांच्या गटाने तो अल्जिनेटला जोडला आणि त्यावर उंदराच्या स्नायूपेशी चिकटल्या, वाढल्या, एकत्र आल्या. पण लक्षात घ्या, ते जेलच्या पृष्ठभागावर. जेलच्या आत कोंडलेल्या पेशीला आरजीडी दिलं तरी हालायला जागा कुठून येणार हा प्रश्न राहतोच.

दुसरा उपाय म्हणजे पेशी अल्जिनेटमध्ये ठेवायच्याच नाहीत. अल्जिनेटचं फक्त कवच करायचं आणि आत कोलॅजन किंवा फायब्रिनचा गाभा, पेशी त्या गाभ्यात. तुम्हाला ओळीत वाढलेल्या पेशी हव्या आहेत तर शेवटी इथेच यावं लागेल असं मला वाटतं.

अबोली२

काचनळी, हे कवच गाभा प्रकरण टोकियो विद्यापीठातल्या ताकेउची यांच्या गटाचं ना? २०१३ चं? मीटरभर लांब फायबर काढले होते त्यांनी, ते विणूनही दाखवले होते.

काचनळी

बरोबर, तेच. एकात एक नळ्या, सर्वांत आत पेशी आणि प्रथिन, त्याभोवती अल्जिनेट, त्याच्याही बाहेर कॅल्शियमचा प्रवाह, सगळं एकाच दिशेने वाहतंय आणि वाहता वाहताच कवच जमतंय. स्वादुपिंडातल्या बेटांच्या (इन्सुलिन बनवणाऱ्या) पेशी भरलेला फायबर त्यांनी मधुमेही उंदराच्या मूत्रपिंडाच्या आवरणाखाली सोडला आणि रक्तातली साखर काही काळ ताब्यात आली. मला त्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वेगळीच वाटते. कोलॅजनला जमायला ३७ अंशांवर अर्धा तास लागतो, नुसतं बाथमध्ये सोडलं तर कधीच विरून जाईल. अल्जिनेट क्षणात जमतं. म्हणजे चपळ सोबती आळशी सोबत्याला तेवढा वेळ साच्यात धरून ठेवतो. मग आतल्या पेशी कोलॅजन ओढतात, आवळतात, गाभा बारीक होऊन कवचापासून सुटा होतो आणि पेशींची दोरी तयार होते. वाटलं तर नंतर अल्जिनेट लायेज (अल्जिनेट तोडणारं एन्झाइम) घालून कवच काढून टाका, दोरी राहते.

जुनाजाणता

काचनळी यांचं सगळं बरोबर आहे पण रानजाईने उद्याच एकात एक नळ्या जुळवायला बसू नये असं मी कळकळीने सांगेन. हातचं सोडून पळत्याच्या पाठीस लागणं होईल. माझ्या एका विद्यार्थ्याचं एक अख्खं सत्र काचेच्या नळ्या मध्यावर आणण्यात गेलं, गाभा एका बाजूला सरकायचा, कवच एकीकडे जाड एकीकडे कागदासारखं, आणि शेवटी कळलं की त्याचं अल्जिनेट मुळात दर वेळी वेगळ्या घट्टपणाचं होत होतं. निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या भांड्यात) घालत होता तो. ऑटोक्लेव्हच्या उष्णतेने अल्जिनेटच्या साखळ्या तुटतात, द्रावण पातळ होतं आणि दर वेळी सारखं पातळ होत नाही. निर्जंतुक करायचं तर पातळ द्रावण ०.२२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळायचं, फ्रीझ ड्राय करायचं आणि मग हवं तितकं घट्ट विरघळवायचं. २ टक्क्यांचं गाळायला बसलात तर फिल्टर तरी फाटेल नाहीतर अंगठा तरी दुखेल.

आधी पेशींशिवाय, नुसता अल्जिनेटचा फायबर, योग्य बफरमध्ये, मिडियममध्ये सात दिवस इनक्युबेटरमध्ये टिकवून दाखवा. रोज एकाच जागी मायक्रोस्कोपखाली जाडी मोजा. फुगत गेला की सोडियम आत शिरतंय, आकसला की कॅल्शियम जास्त झालंय. हे आकडे वहीत असतील तर पुढचं सगळं सोपं जातं. मिडियममध्येही एक-दोन मिलिमोलर कॅल्शियम वाढवून बघता येईल, पण मिडियममध्येही फॉस्फेट असतंच, जास्त घातलंत तर तळाला कणी बसेल. आणि कॅल्शियम ही पेशीसाठी नुसती सिमेंटची गोणी नाही, ती त्याला संदेश समजते. तेव्हा जे घालाल ते कंट्रोल डिशमध्येही घाला.

मीनवीन

मध्येच विचारते, माझे तर फायबरच होत नाहीत, मण्यांची माळ होते नाहीतर सुटे थेंब. १ टक्का अल्जिनेट, सुई बाथच्या थोडी वर धरलीये. काय करू?

थेंबेथेंबे

सुई वर धरली की हवेत थेंबच होणार. बारीक धार स्वतःहून तुटून थेंब व्हायला बघते कारण पृष्ठताणाला कमीत कमी पृष्ठभाग हवा असतो. मणी हवे असतील तर तुमचीच पद्धत बरोबर आहे, लिम आणि सन यांनी १९८० मध्ये बेटांच्या पेशी अल्जिनेटच्या थेंबांतच कोंडल्या होत्या. फायबर हवा तर टोक बाथच्या आत बुडवा, म्हणजे धार तुटायच्या आधी तिच्यावर साल धरते. १ टक्का पातळ पडतंय, दीड-दोन करा.

फक्त एक जपा. पंप बंद असताना टोक बाथमध्ये बुडवलंत तर कॅल्शियम सुईत शिरून तिथेच बूच बसतं. आधी पंप सुरू, टोकावर थेंब दिसला की मग बुडवायचं. काढताना उलट, आधी सुई बाहेर मग पंप बंद.

वेगाचा हिशेब पण करून ठेवा. २७ गेजमधून मिनिटाला ०.१ मिलिलिटर सोडलं तर फायबर सेकंदाला जवळजवळ ५ सेंटिमीटरने बाहेर येतो, सरळ राहतच नाही, टोकाशीच वेटोळी होऊन एकमेकांना चिकटतात. ०.०२ वर आणा, सेकंदाला सेंटिमीटरभर येतो, चिमट्याने टोक धरून हळूहळू पुढे नेता येतो.

मीनवीन

धन्यवाद थेंबेथेंबे, टोक बुडवलं आणि लगेच धागा आला! इतका वेळ वर धरून बसले होते.

सुईदोरा

त्याच हिशेबाला जोडून, १ मिलिलिटर अल्जिनेटचा २७ गेजमधून जवळजवळ २९ मीटर फायबर निघतो. म्हणजे रानजाईच्या ३० लाख पेशी २९ मीटरवर पसरल्या, मिलिमीटरमागे शंभरेकच. या पेशींना शेजारीण भेटली नाही तर त्या मिसळणार कोणाशी? स्नायूच्या नळ्या हव्यात तर दाटी लागते, १ कोटीच्या वर जा. काचनळींचा गाभा केलात तर तो आणखी बारीक, मग तर आणखी दाट.

आणि ट्रिप्सिनने (पेशी सुट्या करणारं एन्झाइम) डिशमधून पेशी काढताना त्यातलं ईडीटीए नीट धुऊन काढता ना? ते थोडं जरी अल्जिनेटमध्ये आलं तरी कॅल्शियम खातं. याच गुणाचा उलटा फायदाही आहे, शेवटी पेशी परत हव्या असतील, मोजायच्या असतील, तर सायट्रेट किंवा ईडीटीए घातलं की फायबर काही मिनिटांत विरघळतो आणि पेशी हातात.

रानजाई

सगळ्यांचे खूप खूप आभार. जुनाजाणता सर, तुमचं ऐकते, आधी रिकामा फायबर. ट्रिप्सिनचं खरं सांगायचं तर मी एकदाच सेंट्रिफ्यूज करून वरचं द्रव ओतून देत होते, आता दोनदा धुईन.

रानजाई

तीन आठवड्यांनी परत आले, मुद्दाम सविस्तर लिहितेय कारण पुढच्या कोणाला तरी उपयोग होईल.

रिकामा फायबर हेपेस सलाइनमध्ये केला, धुण्याच्या पाण्यात ५ मिलिमोलर कॅल्शियम. बाथमध्ये पडला आणि दिसेनाच, मला वाटलं पंप बंद पडला. काळा कागद ठेवला तेव्हा दिसला, काचेच्या केसासारखा. सात दिवस टिकला. पहिल्या दोन दिवसांत थोडा फुगला मग स्थिर झाला. पीबीएसचा एक मुद्दाम शेजारच्या डिशमध्ये ठेवला होता, तो तिसऱ्या दिवशी गेला. दोन्ही डिश शेजारी शेजारी बघितल्यावर जे डोक्यात बसलं ते इतके दिवस वाचून बसलं नव्हतं.

एक अपघात सांगते. चौथ्या दिवशी मिडियम बदलताना व्हॅक्यूमच्या नळीने जुनं मिडियम ओढत होते आणि फायबर दिसत नसल्यामुळे तोही सुर्रकन आत गेला. आता व्हॅक्यूम बंद, डिश तिरकी करून पिपेटने सावकाश काढते आणि थोडं मिडियम तळाला राहू देते.

मग सीनियरच्या मदतीने दोन नळ्यांची जोडणी केली, बाहेर दीड टक्का अल्जिनेट, आत कोलॅजन आणि पेशी, सगळं बर्फावर. कोलॅजन आम्लात येतं म्हणून ते आधी मिडियम आणि अल्कली घालून उदासीन करायचं, मिडियममधल्या फेनॉल रेड या आम्ल-अल्कली दाखवणाऱ्या रंगामुळे ते आधी पिवळं, मग नारिंगी, आणि अगदी शेवटच्या एका थेंबाला गुलाबी होतं. पहिल्यांदा तो थेंब जास्त पडला आणि सगळं गर्द गुलाबी, ते टाकून दिलं. दुसऱ्यांदा पाव पाव थेंबाने गेले.

पाचव्या दिवशी मायक्रोस्कोपखाली बघितलं तर पेशी गोल नाहीत. लांब, टोकदार, आणि सगळ्या फायबरच्याच दिशेने, जणू कोणी विंचरल्यासारख्या. गाभा कवचाच्या भिंतीपासून सुटलेला, दोन्ही बाजूला स्वच्छ पट्टी दिसतेय. मी पंधरा मिनिटं नुसती बघत बसले होते.

आता पेशी मिसळून नळ्या व्हाव्यात म्हणून २ टक्के हॉर्स सीरमच्या मिडियमवर टाकलंय. पण नवीन प्रश्न, गाभा इतका आवळतोय की फायबर वेडावाकडा वळतोय, काही ठिकाणी गाभा तुटून गोळे होतायत. ताणून कसा धरायचा?

काचनळी

वाचून फार आनंद झाला रानजाई, मनापासून अभिनंदन. ती स्वच्छ पट्टी दिसली म्हणजे पेशी ओढायला लागल्या.

गोळे होतायत कारण दोरीची टोकं मोकळी आहेत, ओढायला विरोध नाही, मग पेशी सगळं एका जागी गोळा करतात. स्नायूला दोन्ही बाजूंना हाडाशी बांधलेलं असतं तसं इथेही काहीतरी हवं. आम्ही पीडीएमएसची (सिलिकॉन रबराची) छोटी चौकट करतो, दोन टोकांना खाचा, फायबर खाचेत बसवून त्यावर फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिनचा एक एक थेंब, दोन्ही मिळून फायब्रिन जमलं की ते टोक धरून ठेवतं. अल्जिनेटचं कवच टोकापाशी सेंटिमीटरभर काढून टाका म्हणजे फायब्रिनची पकड कवचाऐवजी गाभ्यावर येईल. ताण फार देऊ नका, नुसता झोळ निघाला की पुरे. आणि हे तिसऱ्या दिवसाच्या आत करा, पाचव्या दिवशी उशीर झालेला असतो, तेव्हा या खेपेचा नाद सोडून पुढच्या खेपेला चौकट आधीच ऑटोक्लेव्ह करून तयार ठेवा.

जुनाजाणता

आणि चौकटीवर लावायच्या आधी त्याच दिवशी जाडी मोजून वहीत लिही. गाभ्याची वेगळी, कवचाची वेगळी.

रानजाई

लिहिते सर. काचनळी, खाच किती रुंद ठेवू? कवचासकट फायबर ३०० मायक्रोमीटरच्या आसपास भरतोय.

काचनळी

अर्धा मिलिमीटर ठेवा. त्याहून अरुंद केलीत तर बसवताना कवच सोललं जातं.